मूळ प्रतीत पाने नाहीत

अकरा वर्षं मी पुस्तकं मशीनमध्ये घातली आणि पुढची सहा वर्षं तीच पुस्तकं लोकांना बाहेर काढून दिली. माझी नोकरी एवढीच. नातेवाइकांना ती कधी समजली नाही. सासरी साताऱ्याकडे कुणी विचारलं, तर आमचे हे "कॉम्प्युटरमध्ये आहे" असं सांगून विषय संपवायचे. ते स्वतः वाशीच्या मार्केटात धान्याच्या गाळ्यावर माथाडी. पोतं इथून तिथं गेलं की त्यांचं काम झालेलं साऱ्यांना दिसायचं. माझं काम झालं तरी पुस्तक जिथल्या तिथंच असायचं, त्यामुळे मी दिवसभर नेमकं काय करते याबद्दल घरात थोडा संशयच होता.

बाहेरच्यांसाठी थोडं समजावून सांगते. लेखकाला जाऊन साठ वर्षं झाली की त्याचं पुस्तक सगळ्यांचं होतं. अशी जुनी पुस्तकं गावोगावच्या वाचनालयांतून पेट्या भरभरून महापे एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये यायची. आम्ही वीस-बावीस बायका त्यांच्या पानांचे फोटो काढायचो. लाकडी घोडीवर पुस्तक उघडं ठेवायचं, वरून काच खाली घ्यायची, पायाने पेडल दाबायचं, दोन कॅमेरे दोन पानं टिपतात, काच वर, पान उलटायचं, पुन्हा काच खाली. अंगठ्याला रबरी टोपी. ती नसली की अंगठा पानाबरोबर अमर होतो. माझा तीन पुस्तकांत झालेला आहे. मग ही पानं एका साइटवर चढायची आणि जगात कुठल्याही माणसाला फुकट वाचता यायची. कंपनीचं नाव लिहीत नाही. ती आता बंद पडली आहे, आणि चालू असती तरी लिहिलं नसतं.

दिवसाचा आकडा दोन हजार पानांचा होता. चांगलं पुस्तक असेल तर तो दुपारी चारलाच गाठता यायचा. पण जुनी पुस्तकं ओलीने धरलेली असतात, आणि त्यांत दोन-दोन, चार-चार पानं एकमेकांना चिकटून बसलेली असतात. अशी पानं आली की नियम असा होता: मशीन थांबवायचं, फॉर्म भरायचा, पुस्तक दुरुस्तीच्या टेबलावर पाठवायचं. तिथल्या बाई वाफ देऊन, पातळ पट्टी घालून पानं सोडवायच्या. पुस्तक परत यायला तीन दिवस लागायचे आणि तेवढ्यात आपला आकडा मागे पडायचा.

दुसरा मार्ग सोपा होता. प्रत्येकीच्या टेबलावर एक पांढरं कार्ड असायचं. त्यावर छापलेलं, "मूळ प्रतीत पाने नाहीत", आणि खाली आपला नंबर. वाळवीने खाल्लेली किंवा कुणी फाडून नेलेली पानं असतील तिथं ते कार्ड काचेखाली ठेवायचं आणि पेडल दाबायचं, म्हणजे वाचणाऱ्याला कळावं. त्या कार्डाचा फोटोही आकड्यात धरला जायचा. ही गोष्ट लक्षात यायला आम्हाला एक आठवडा लागला. चिकटलेलं पान म्हणजे नसलेलंच पान, असं मग आम्ही आमचं ठरवून टाकलं. ते कुणी कुणाला सांगितलं नाही. एकीने केलं, दुसरीने पाहिलं. माझा नंबर चौदा आणि शेडमध्ये माझा वेग सर्वांत जास्त. दोन वेळा मला भिंतीवरचं घड्याळ बक्षीस मिळालं.

शेड बंद झाली तेव्हा ओळखीने मला खांदेश्वरच्या एका अभ्यासिकेत जागा मिळाली. स्पर्धा परीक्षांची मुलं माना खाली घालून बसतात तसला हॉल, कोपऱ्यात माझं टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि वर पाटी: मोफत डिजिटल साहित्य मार्गदर्शन केंद्र. फुकट काय काय उपलब्ध आहे ते लोकांना शोधून द्यायचं, हे काम. पाटी वाचून लोक रांग लावायचे. पहिले दोन महिने मी मुख्यतः आधार कार्ड इथं अपडेट होत नाही एवढंच सांगत होते.

मग खरे लोक येऊ लागले. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. फुकट या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता. मी त्यांच्या फोनवर एक जुनं प्रवासवर्णन उतरवून दिलं, तर त्यांनी परत करायची तारीख विचारली. परत करायचं नसतं म्हटलं, तर त्यांचा चेहरा पडला. बरोबर सातव्या दिवशी ते आले, फोन माझ्यासमोर धरून त्यांनी ती फाइल पुसली आणि "झालं परत" म्हणाले. मी वहीत सही केली. चार वर्षं हे चाललं आणि त्यांनी एकदाही उशीर केला नाही. सेक्टर आठच्या एक बाई दहावीतल्या मुलीसाठी जुन्या प्रश्नपत्रिका न्यायला यायच्या, दर आठवड्याला गठ्ठाभर. मुलीने एकही उघडली नाही. बाईंनी सगळ्या सोडवल्या आणि बीजगणितातल्या शंका घेऊन त्या अभ्यासिकेतल्या मुलांच्या पाठीमागे उभ्या राहू लागल्या. मुलांनी तक्रार केली. उत्तरं त्यांना येत नव्हती.

या कामातली खरी खुबी सांगायची तर शोधायची पद्धत. साइटवर पुस्तक असतं, पण ते कुठल्या कप्प्यात घालायचं हे संध्याकाळी सहा वाजता, बस चुकायच्या भीतीने, एखाद्या दमलेल्या माणसाने ठरवलेलं असतं. त्यामुळे पुस्तकाचा विचार करून चालत नाही, त्या दमलेल्या माणसाचा करावा लागतो. मला ते जमायचं, कारण ती सगळी माणसं माझ्या शेजारी बसून डबा खायची.

वंदना आली ती याच शोधापायी. उलव्याजवळच्या एका जुन्या गावातली, चाळिशीची, अंगणवाडी सेविका. चपला दाराबाहेर काढून आत आली, त्यामुळे मला जरा अवघडल्यासारखं झालं. तिने विचारलं, "मॅडम, फुकटची पुस्तका भेटतान ती हितंच ना?"

तिची गोष्ट अशी. आगरी लग्नात धवलारीण लागते. मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंतचा प्रत्येक विधी ती गाऊन करते, त्या गाण्यांना धवले म्हणतात. जुनी माणसं भटजी उशिरा आला तरी चालवून घेतील, धवलारीण नसेल तर त्यांच्या लेखी लग्नच लागत नाही. वंदनाची सासू, हिराबाई, ही त्या गावाची धवलारीण. तिच्या आधी तिची सासू. लिहिता-वाचता येत नसताना सगळं तोंडपाठ. वंदना दुसऱ्या गावची, नोकरी सांभाळणारी. शिकू, शिकू म्हणत तिने वीस वर्षं घालवली. मग हिराबाईला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. ऐकू येत होतं, समजत सगळं होतं, पण तोंडातून शब्द निघत नव्हता. आणि वैशाखात वंदनाच्या मुलीचं, म्हणजे हिराबाईच्या एकुलत्या नातीचं लग्न ठरलेलं. आजीच्या डोळ्यांदेखत धवला गायला घरात कुणी नव्हतं. कुणीतरी वंदनाला सांगितलं होतं की फार पूर्वी गावच्या शाळेत एक मास्तर होते, त्यांनी गावचे धवले उतरून घेऊन पुस्तक छापलं होतं, आणि ते म्हणे आता मोबाइलवर फुकट मिळतं.

मला ते वीस मिनिटांत सापडलं. पुस्तकाच्या नावात मांडव होता, म्हणून कुणीतरी ते बांधकाम या विषयाखाली घातलं होतं. वंदनाने पहिल्या पानावरच्या चार ओळी हळूच म्हणून पाहिल्या आणि पदर तोंडाला लावला. तिच्या सासूच्या सासूचं नाव मास्तरांनी प्रस्तावनेत आभारासह छापलं होतं. मी प्रिंट काढत गेले, ती पान हातात पडेल तसं वाचत गेली. मलाही फार बरं वाटत होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत, मी केलेल्या कामाचा कुणाला इतका उपयोग झालेला मी समोर बसून पाहिला नव्हता.

पान पंचेचाळीसनंतर पांढरा कागद आला. मूळ प्रतीत पाने नाहीत. खाली चौदा.

वंदनाने विचारलं की हे काय. जुन्या पुस्तकांत होतं असं कधी कधी, असं मी म्हणाले. हे खरंही होतं. ती नशिबाला दोष देऊन, उरलेला गठ्ठा पिशवीत घालून, माझे पुन्हा पुन्हा आभार मानून गेली. जाताना काकडीची पिशवी टेबलावर ठेवून गेली.

ते पुस्तक मला आठवत नव्हतं. दिवसाला दोन हजार पानांत कसं आठवणार? पण पुढचं अठ्ठेचाळीसावं पान मी पडद्यावर मोठं करून पाहिलं. त्याच्या कडेला पलीकडच्या पानाचा कागद किंचित चिकटून राहिलेला दिसत होता, आणि त्या तुकड्यावर अर्धं अक्षर. पानं होती. मी ती मोजूनमापून वगळली होती.

शनिवारी मी ते पुस्तक ज्या तालुक्याच्या वाचनालयातून आलं होतं तिथं गेले. ग्रंथपाल उत्साही होते. त्यांनी मला नवा वाचनकक्ष दाखवला, टाइल्स दाखवल्या. जुनी पुस्तकं कुठं, विचारल्यावर म्हणाले की ती दोन वर्षांपूर्वीच रद्दीत दिली, कारण आता सगळं नेटवर फुकट आहे, जागा कशाला अडवायची. अख्खं पान न् पान आहे, म्हणाले. मी मान हलवली. दुसरी प्रत आणखी कुठं असेल म्हणून मी दोन महिने फोन करत राहिले, पत्रं लिहिली. मास्तरांच्या मागे कुणी राहिलं नव्हतं. प्रत कुठंच नव्हती.

तेव्हा मी वंदनाच्या घरी गेले. फोनवर सांगता आलं असतं, पण लाज वाटली. ओटीवर खाट होती, खाटेवर हिराबाई, डावा हात लाकडावर. वंदनाने चहा दिला आणि सांगितलं की म्हातारीसमोर रोज सराव चालतो. चुकलं की ती डाव्या हाताने खाट वाजवते, बरोबर असलं की हात गप्प राहतो. सगळं बसलंय, फक्त तेवढी दोन पानं सोडून. तो आवतनाचा धवला होता. लग्नाला एकेकाला नाव घेऊन बोलवायचं, आणि पुढच्या पानावर आलेल्यांसाठी नऊ पाट मांडायचे. म्हणजे आमंत्रणं नऊ, आणि ती सगळी त्या दोन पानांत. एकाचं जरी राहिलं तरी तो रुसतो आणि नवरीला ते बाधतं, असं हिराबाई आयुष्यभर सांगत आली होती.

मी चहा खाली ठेवला. "वंदनाताई, ती पानं होती. मीच ती घेतली नाहीत."

"म्हंजे फाटली नव्हती?"

"नाही. चिकटली होती."

"मंग सोरवाची."

"सोडवायला तीन दिवस लागायचे."

तिने माझ्याकडे पाहिलं. "तीन दिस," ती म्हणाली. मग उठून चहाचे कप आत घेऊन गेली. हिराबाईने सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडे पाहत होती, आणि तिचा हात खाटेवर गप्प होता. तिने खाट वाजवली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी दर रविवारी जाऊ लागले. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाकलूनही दिलं नाही. उरण, अलिबाग, भिवंडी, जिथला जिथला धवला नेटवर फुकट सापडेल तो मी काढून न्यायचे. आकाशवाणीवरची जुनी ध्वनिमुद्रणं, कॉलेजच्या प्राध्यापकांचे प्रकल्प, कुणाच्या आजीचा वाढदिवस. एकतीस व्हिडिओ झाले. हिराबाईने एकतीस वेळा खाट वाजवली. एका नामवंत अभ्यासकांचं भाषण तर तिने पहिल्या मिनिटालाच वाजवून बंद करायला लावलं.

बत्तिसावा व्हिडिओ लग्नाचा होता. त्याच गावातलं चार वर्षांपूर्वीचं लग्न, फोटोवाल्याने स्वतःच्या जाहिरातीसाठी पूर्ण चढवलेलं. मी तो नवरा-नवरीच्या नावांमुळे नव्हे, मांडवामागच्या देवळामुळे उघडला. अकराव्या मिनिटाला हिराबाई दिसली. धडधाकट, नाकात नथ, नवरीजवळ उभी राहून गात होती. कॅमेरा तिच्या तोंडावर. आणि आवाज हिंदी सिनेमातल्या गाण्याचा.

मी उलव्यात त्या फोटोवाल्याच्या दुकानात गेले. तो सज्जन होता. त्याने समजावलं, "ताई, ओरिजिनल आवाज आम्ही ठेवतच नाय. बायका रडतात, भांडी वाजतात, पब्लिकला टेन्शन येतं. गाणं टाकलं का क्लीन वाटतं." मूळ कार्ड पुसून तो पुढच्या लग्नाला वापरतो. मला त्याला खूप काही बोलायचं होतं, पण कुठल्या तोंडाने बोलणार? आमचा धंदा एकच होता.

रविवारी मी तो व्हिडिओ तसाच दाखवला. हिराबाई स्वतःच्या तोंडाकडे बघत राहिली. वंदनाने फोन हातात घेतला, आवाज पूर्ण बंद केला, आणि डोळ्यांजवळ धरला. मग तिने ओठ हलवायला सुरुवात केली. सासूचे ओठ जसे हलतील तसे. वीस वर्षं त्याच ओठांची बोलणी खाल्लेली बाई होती ती. कुठला ओठ कशासाठी मुडपतो हे तिला पाठ होतं. दहा-बारा वेळा पुढं-मागं केल्यावर तिच्या तोंडातून पहिली ओळ निघाली. गावदेवीला आवतन. आम्ही खाटेकडे पाहिलं. हात गप्प होता.

चार रविवार लागले. गावदेवी, वेस, विहीर, बांध, खाडी, मिठागर, होडी, आणि घरातली गेलेली माणसं. यांतल्या निम्म्या गोष्टी आता विमानतळाच्या भरावाखाली आहेत, पण आवतन त्यांनाही होतं. आठ ओळी मिळाल्या. नवव्या ओळीच्या वेळी कॅमेरा आइस्क्रीमच्या काउंटरकडे वळला होता आणि परत आला तेव्हा हिराबाई पाट मांडत होती.

नववा कोण, ते आम्ही खूप शोधलं. साथीच्या बायकांना ओळीचा शेवट तेवढा उचलायची सवय, नाव एकीलाही आठवत नव्हतं. वंदना नावं घ्यायची, चंद्र, सूर्य, गाय, माहेर, आंब्याचं झाड, आणि म्हातारी खाट वाजवायची. एकदा वैतागून वंदनाने विमानतळाचं नाव घेतलं. तेव्हा हिराबाई हसली. चेहऱ्याची डावी बाजूच हसली, पण हसली. उत्तर तिला येत होतं. तीन हात अंतरावर, त्या डोक्यात ते होतं, आणि आम्हाला मिळत नव्हतं. त्या दिवशी मी बस-स्टॉपवर रडले.

लग्नाला मला आग्रहाचं बोलावणं होतं. डीजेवाल्याला वंदनाने बाजूला बसवलं आणि गायला उभी राहिली. अंगणवाडीत पोरांना ओरडून कमावलेला आवाज. हिराबाईला नवी साडी नेसवून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं. आवतनाचा धवला आला. आठ नावं झाली. बायका मागून साथ देत होत्या, त्याही थांबल्या, कारण वंदना थांबली. तिने सासूकडे पाहिलं, मांडवातल्या सगळ्यांनी पाहिलं. आणि खुर्चीतून आवाज आला. झटक्यानंतर पहिल्यांदाच. शब्द नव्हता, नुसता सूर होता, घोगरा, मोडका, पण ओळभर लांब आणि चालीत बरोबर. तो संपल्यावर वंदनाने तोंड मिटून तोच सूर धरला, बायकांनी धरला, आणि मग तिने नऊ पाट मांडायची ओळ उचलली. नववा पाट मांडला. तो रिकामा होता, तसे नऊही रिकामेच असतात.

त्या आठ ओळी मी नीट लिहून साइटवाल्यांना पाठवल्या, माझी चूकही कबूल केली. त्यांचं उत्तर आलं की सुधारणेसाठी मूळ प्रत जोडावी. पांढरं कार्ड अजून तिथंच आहे, कुणालाही फुकट पाहता येईल. हिराबाई कार्तिकात गेली. वंदनाला आता आसपासच्या पाच-सहा गावांतून बोलावणी येतात.

यंदा मी निवृत्त झाल्यावर तिच्याबरोबर अशाच एका लग्नाला गेले होते. आवतनाचा धवला सुरू झाला. आठ नावं झाली आणि नवव्या ओळीला वंदनाने ओठ मिटून तो सूर धरला. मांडवातल्या सगळ्या बायकांनी, तरण्या मुलींनीसुद्धा, माना खाली घालून तो तसाच म्हटला. माझ्या शेजारी एक पंचविशीची सून बसली होती, फोनवर सगळं रेकॉर्ड करत होती. गाणं संपल्यावर मी तिला विचारलं की इथं शब्द का नाहीत.

तिने माझ्याकडे पाहिलं, बाहेरची दिसते हे ओळखलं, आणि समजुतीने सांगितलं, "मावशी, त्याचा नाव घेवाचा नसतो. लय मोठा देव हाय तो. पयल्यापास्नं तसाच हाय." मग तिने रिकाम्या नवव्या पाटाला हात जोडले आणि मीही जोडावेत म्हणून मला कोपराने ढोसलं. मी जोडले.